टाळ्या, शिट्ट्या आणि उपहास: ‘स्टारशिप ट्रूपर्स’च्या दोन खेळांचा प्रकरण अभ्यास

(ओळख पटू नये म्हणून मंडळाचं नाव, माणसांची नावं आणि काही बारीकसारीक तपशील वगळले किंवा बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

कोल्हापुरात सिनेमा दाखवायला निमित्त लागत नाही. बाबूराव पेंटरांनी ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ इथे काढली, १९२९ मध्ये ‘प्रभात’ इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्याची हळहळ जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. ज्या मंडळाची ही हकीकत आहे ते मात्र अगदी लहान. राजारामपुरीच्या बाजूला भाड्याचा हॉल, महिन्याला एक सिनेमा, मागाहून चहा आणि चर्चा. कार्यकारिणीत एक निवृत्त प्राध्यापक, एक छापखानेवाले, ग्रंथालयात काम करणाऱ्या एक बाई आणि दोन महाविद्यालयीन विद्यार्थी. चर्चा चालवायचं काम माझ्याकडे.

प्रेक्षक तीन तऱ्हेचे. पहिले पन्नाशी-साठीचे जुने सिनेमावेडे. दुसरे इंजिनिअरिंग-पॉलिटेक्निकची मुलंमुली, यांतले निम्मे रात्रभर गेम खेळणारे. तिसरा गट नेहमीच्या फिल्म सोसायटीत दिसत नाही: सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. राधानगरी, भुदरगड, चंदगडकडून येऊन शहरात खोली करून राहायचं, पहाटे धावायचं, दिवसा अभ्यासिका. हॉलच्या मागेच एक भरती अकादमी असल्यामुळे आणि तिकीट नसल्यामुळे ही मुलं येऊ लागली. कोल्हापूर जिल्ह्यात फौजेत जाणं ही जुनी रीत आहे. शिरोळ तालुक्यात तर ‘सैनिक टाकळी’ नावाचं गावच आहे. या मुलांसाठी भरती हा राजकीय वादाचा विषय नसतो, तो घरचा हिशेब असतो. पुढचं सगळं समजून घ्यायला हे लागतं.

मंडळाने दोन महिन्यांसाठी पॉल व्हरहोव्हन या डच दिग्दर्शकाचे दोन अमेरिकी सिनेमे ठरवले: आधी ‘रोबोकॉप’ (१९८७), मग ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९९७). दोन्हीच्या पटकथेत एडवर्ड न्यूमायर. दोन्हीत बंदुका, रक्त, भविष्यकाळ, आणि दोन्हीत मधेमधे खोट्या बातम्या नि खोट्या जाहिराती. मारामारीला पोरं येतील आणि राजकारणावर बोलणं होईल, असा सरळ हिशेब होता.

‘रोबोकॉप’ला तो हिशेब जमला. डेट्रॉईट शहराचं पोलीस खातं एक कंपनी चालवायला घेते. जुनं शहर पाडून नवं बांधायचा तिचा बेत असतो. कंपनीच्या बैठकीत नवा यंत्रमानव प्रात्यक्षिकातच एका कर्मचाऱ्याला गोळ्या घालतो आणि साहेब लोक प्रकल्प लांबल्याची चिंता करतात. हॉलमध्ये हशा पिकला. चर्चेत छापखानेवाल्यांनी कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाची आठवण काढली. मागून एक जण म्हणाला, “रस्ता कंपनीचा झाला की पोलीस पण कंपनीचंच हुत्यात.” कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. या शहराने खासगी कंपनीशी रस्त्यावर उतरून भांडण केलेलं आहे, त्यामुळे बाण कुठे मारला आहे ते लगेच दिसलं.

ग्रंथालयातल्या बाईंनी तेव्हाच एक खुसपट काढलं होतं. सिनेमाचा नायक रोबोकॉप हा कंपनीने घडवलेला अर्धा माणूस, अर्धा यंत्र असा पोलीस; कंपनीच्या अधिकाऱ्यांवर हात उचलायला त्याला मनाई असते. शेवटी कंपनीचा म्हातारा अध्यक्ष खलनायक साहेबाला नोकरीवरून काढतो आणि त्यामुळेच रोबोकॉपला त्याच्यावर गोळी झाडता येते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचा प्रश्न: कंपनीचं काय वाकडं झालं? एक वाईट साहेब गेला, मालक भला माणूस ठरला, पोलीस खातं कंपनीकडेच राहिलं. त्या दिवशी हा मुद्दा चहाबरोबर विरून गेला. तो पुढे कामाला आला.

प्रश्न कुठे उभा राहिला

‘स्टारशिप ट्रूपर्स’ची गोष्ट थोडक्यात अशी. भविष्यात सगळ्या पृथ्वीवर एकच राजवट आहे. मतदानाचा हक्क फक्त सरकारी सेवा, म्हणजे प्रामुख्याने लष्करी सेवा, केलेल्यांना. देखणी तरुण मंडळी भरती होतात, ब्यूनस आयर्सवर अशनी पडतो, तो दूरच्या ग्रहावरच्या महाकाय किड्यांनी पाठवला असं सरकार सांगतं, आणि युद्ध सुरू होतं. मधेमधे सरकारी वाहिनीची बातमीपत्रं येतात: लहान मुलं झुरळं चिरडून ‘आपला वाटा उचलतात’, खुन्याला सकाळी पकडून संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर फाशी. नायकाचा मित्र शेवटी लांब चामडी कोट घालून येतो, आणि तो कोट बघून युरोपातल्या माणसाला नाझी अधिकारी आठवल्याशिवाय राहत नाही.

भरतीची पोरं या सिनेमावर खूश झाली. प्रशिक्षणाच्या दृश्यांना शिट्ट्या पडल्या. शेवटी किड्यांचा ‘मेंदू’ पकडला जातो, तो घाबरला आहे असं जाहीर होतं आणि पडद्यावरचे सैनिक आरोळी ठोकतात. त्याच क्षणी हॉलमधूनही आरोळी उठली.

प्राध्यापक चिडले. चर्चेच्या सुरुवातीलाच म्हणाले, “फॅसिझमची एवढी उघड टिंगल चालली आहे आणि तुम्ही टाळ्या वाजवता!” राधानगरीकडच्या एका मुलाने शांतपणे विचारलं, “सर, पिक्चर भारी हाय. पण ह्यात टिंगल कुणाची केलीया?” प्राध्यापकांनी उत्तर म्हणून १९३० च्या दशकातल्या जर्मनीवर भाषण दिलं. मुलं उठून गेली नाहीत, पण नंतर बोललीही नाहीत. दुसऱ्या दिवशी अकादमीतून निरोप आला की पोरांना ‘शाळा घेतल्यासारखं’ वाटलं.

अडचण नुसती मानापमानाची नव्हती. हाच सिनेमा एका महाविद्यालयाच्या सभागृहात पुन्हा दाखवायचं आधीच कबूल केलं होतं आणि तिथे अकादमीची दुसरी तुकडी येणार होती. दोन खेळांच्या मधल्या दिवसांत मंडळाला ठरवायचं होतं: पोरांना कळलं नाही, सिनेमाला सांगता आलं नाही, की आपण दाखवलं चुकीचं?

कोणते पर्याय समोर होते

प्राध्यापकांचा आग्रह सरळ होता: सिनेमाआधी पंधरा मिनिटं बोलायचं. मुद्द्यांत वजन होतं. व्हरहोव्हन १९३८ चा. लहानपण नेदरलँड्समधल्या हेगमध्ये, जर्मनांच्या ताब्यात गेलं. सिनेमाची सुरुवातीची भरतीची जाहिरात त्याने लेनी रीफेनश्टालच्या १९३५ च्या, न्यूरेंबर्गमधल्या नाझी मेळाव्यावरच्या प्रचारपटावरून जाणून-बुजून उचलली आहे. ज्याने तो प्रचारपट पाहिला नाही त्याला नक्कल कशी ओळखू येणार? मूळ माणूस ठाऊक नसेल तर मिमिक्रीला हसायचं कसं?

विरोध विद्यार्थी सदस्यांनी केला. आधी सांगितलं की सगळे मान डोलावणार. मग कुणाला काय दिसलं हे कधीच कळणार नाही. शिवाय भाषण ऐकून बसलेला भरतीचा मुलगा सिनेमा पाहणार नाही, स्वतःवर टीका कुठे होते ते शोधत बसेल.

सिनेमाच बदलावा, असंही एकाने सुचवलं. ते टिकलं नाही, आणि टिकलं नाही ते बरं झालं. अवघड प्रेक्षक आला की सोपा सिनेमा लावायचा, ही सवय लागली की मंडळ बंद केलेलं बरं.

या टप्प्यावर ग्रंथालयातल्या बाईंनी दोन जुने अभ्यास समोर ठेवले आणि चर्चेचा रोख बदलला. १९७४ मध्ये विडमार आणि रोकीच या संशोधकांनी एका लोकप्रिय अमेरिकी विनोदी मालिकेचा प्रेक्षक तपासला होता. मालिकेतला आर्ची बंकर हा वंशद्वेष्टा म्हातारा हास्यास्पद ठरावा म्हणून लिहिलेला. ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना तोच पटला. दुसरा अभ्यास २००९ चा, टीव्हीवर कर्मठ उजव्या निवेदकाचं सोंग घेणाऱ्या स्टीफन कोल्बेअरवरचा. उदारमतवादी आणि परंपरावादी दोघांनाही तो सारखाच विनोदी वाटला. पण परंपरावाद्यांचा कल असा की तो थट्टेचं फक्त नाटक करतो, मनातून आपल्याच बाजूचा आहे. म्हणजे हसण्यावरून कोण काय समजलं हे ठरत नाही. आणि भरतीच्या पोरांना नावं ठेवायची तर १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रांतल्या समीक्षकांनाही ठेवावी लागतील. त्यांच्यातल्या काहींनी याच सिनेमावर नाझीपणाचा ठपका ठेवला होता.

मला त्या बैठकीत तमाशा आठवत होता. वगात सोंगाड्या राजाची टोपी उडवतो तेव्हा तो प्रेक्षकाकडे वळतो, चालू राजकारणावर एक टोमणा मारतो, पुन्हा गोष्टीत शिरतो. आपल्याकडे उपहास करणारा समोर उभा असतो. या सिनेमात सोंगाड्या नाही. सगळी पात्रं गंभीर, सगळी देखणी, आणि थट्टा आहे ती मांडणीत: कॅमेरा, संगीत, बातमीपत्राचा उत्साही आवाज. सोंगाड्याची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकाला तो शेवटपर्यंत भेटत नाही.

आणि एक अगदी साधी गोष्ट छापखानेवाल्यांनी दाखवून दिली. सिनेमातला उपहास बातमीपत्रांत दाटला आहे. ती भराभर बोलली जातात आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं क्षणात येऊन जातात. मारामारीला भाषा लागत नाही. म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्या मुलाने नेमका उपहास वगळून उरलेला सिनेमा पाहिला. त्याच्यापुरता तो खरोखरच शौर्यपट होता. आम्ही विचारधारेवर वाद घालत बसलो होतो आणि अर्ध्या प्रेक्षकांपर्यंत शब्दच पोचले नव्हते.

काय ठरलं, काय केलं

भाषण नाही, असं ठरलं. त्याऐवजी छापखान्यात दोन पानी पत्रक छापलं. त्यात फक्त बातमीपत्रांचा मराठी मजकूर, क्रमाने. टीका नाही, दिग्दर्शकाचं चरित्र नाही, ‘उपहास’ हा शब्दही नाही. पत्रक दारात वाटलं आणि वाचून मगच आत या असं सांगितलं.

सिनेमा संपल्यावर चर्चेआधी प्रत्येकाने कागदावर थोडं लिहायचं होतं, नाव न घालता. ‘सिनेमाचा संदेश काय’ हा प्रश्न मुद्दाम टाळला, कारण त्याला सगळे परीक्षेचं उत्तर देतात. विचारलं ते असं: भरती कार्यालयात बसलेल्या माणसाचं वर्णन करा. अशनी किड्यांनी पाठवला हे तुम्हाला कुणी सांगितलं? यातलं कोणतं दृश्य खऱ्या भरतीच्या जाहिरातीत वापरता येईल? सिनेमा कुणाला हसतो आहे असं वाटलं?

बोलण्याचा क्रमही ठरवला. पहिले बोलणार अकादमीत शिकवणारे एक निवृत्त सुभेदार, शेवटी प्राध्यापक. प्राध्यापकांना हे मान्य करायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं होतं, मंडळ कच खातंय. पण त्यांनी मान्य केलं, आणि त्या संध्याकाळी खरोखर शेवटपर्यंत गप्प बसले, हे नोंदवलं पाहिजे.

काय निष्पन्न झालं

सुभेदारसाहेब उभे राहिले ते वैतागूनच. “ह्यो सिनेमा काढणाऱ्याला फौजेतलं ओ की ठो कळत नाही. तोफखाना नाही, वरून विमानाचा आधार नाही, पोरं नुसती झुंडीनं उतरवल्यात. एका तासात एक लाख मेली म्हणून बातमीत सांगतात आणि पुढं काय? वरचा साहेब बदलला, झालं. अशा अधिकाऱ्याचं कोर्ट मार्शल व्हायला पाहिजे.”

मी विचारलं, “सुभेदारसाहेब, दिग्दर्शकाने हे मुद्दाम केलं असेल तर?”

ते थोडं थांबले. “मुद्दाम केलं असंल तर मग तो त्या सरकारला शिव्या घालतोय. फौजेला न्हवं.”

दोन तासांच्या चर्चेत यापेक्षा नेमकं कुणी बोललं नाही. ज्याला आपण सिनेमाची ढिलाई समजतो तीच खूण असू शकते. ती एका फौजीला पहिल्यांदा दिसली, कारण पोरं अशी मारायला पाठवायची नसतात हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलेलं नव्हतं. रॉबर्ट हाइनलाइनच्या १९५९ च्या मूळ कादंबरीतल्या सैनिकांच्या अंगावर प्रचंड ताकदीचं यांत्रिक चिलखत आहे. सिनेमात ते काढून टाकलं आहे. उघड्यावर मरणारी पोरं दिसतात ती त्यामुळे.

कागदांवरून जे दिसलं त्याची टक्केवारी मी देणार नाही. एका सभागृहातल्या एका संध्याकाळीला टक्केवारी शोभत नाही. पण काही गोष्टी ठळक होत्या. भरती कार्यालयातल्या माणसाला दोन्ही पाय नाहीत आणि एक हात कृत्रिम आहे, हे भरतीच्या मुलांनी जवळपास सगळ्यांनी लिहिलं होतं. इंजिनिअरिंगच्या अनेकांच्या ते नजरेतून सुटलं होतं. शरीराकडे बघायची सवय भरतीच्या मुलांना असते: छाती, उंची, पाय. तो माणूस अभिमानाने सांगतो की पायदळानेच मला आजचा माणूस बनवलं. तपशील सगळ्यांनी टिपला, अर्थ मात्र वेगळे लावले. कुणी लिहिलं ‘त्याग’, कुणी लिहिलं ‘त्याला टेबलामागं लपवून बसवलाय’.

अशनीच्या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर होतं: ‘बातमीत सांगितलं.’ चर्चेत एक मुलगा उठून म्हणाला, “बातमी कुणाची? सरकारचीच की!” मग वाद पेटला. किड्यांनी नेम धरून अशनी सोडला असं प्रत्यक्ष दृश्य सिनेमात दाखवलंय का, यावर दोन बाजू पडल्या आणि तो भाग पुन्हा लावून पाहावा लागला. या वादात प्राध्यापक नव्हते, मी नव्हतो, जर्मनी नव्हती.

साठीच्या प्रेक्षकांना विज्ञानपट आवडत नाहीत, पण बातमीपत्रं त्यांनी पहिल्या झटक्यात ओळखली. “हे तर फिल्म्स डिव्हिजन!” असं एक काका मोठ्याने म्हणाले. सिनेमाआधी सक्तीचा वार्तापट बघत वाढलेली ही पिढी; सरकारी आवाजातला उत्साह त्यांच्या कानांना पाठ आहे. मूळ ठाऊक असल्याशिवाय नक्कल कळत नाही हे प्राध्यापकांचं म्हणणं खरंच होतं. फक्त ते मूळ न्यूरेंबर्गचंच असायला हवं असं नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ घातला तो गेम खेळणाऱ्यांनी. पहिल्या खेळाला शिट्ट्या मारणाऱ्यांत हीच मुलं पुढे होती, हे आता कळलं. त्यांना हा उपहास आहे हे येण्याआधीच माहीत होतं. याच धर्तीवरचे गेम ते खेळतात आणि घोषणा गमतीने ओरडतात. प्राध्यापकांनी ज्यांना न समजणारे ठरवलं त्यांतले बरेच समजून ओरडत होते. त्यांच्याच शेजारी बसलेला चंदगडचा मुलगा न समजता, मनापासून ओरडत होता. बाहेरून ऐकणाऱ्याला दोन्ही आवाज सारखे. माझ्या मते सगळ्या प्रकरणात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच. रोज गमतीने दिलेली घोषणा कुठल्या दिवशी गमतीची राहत नाही, हे देणाऱ्याला तरी सांगता येतं का?

एका मुलीने वेगळाच सूर लावला. त्या जगात बायका लढतात, विमानापेक्षा मोठी यानं चालवतात, कुणी त्यांना अडवत नाही. “उपहास आहे हे कळलं मला. तरी त्या जगात मला पायलट होता येतंय, हे आवडलंच.” यावर प्राध्यापक पहिल्यांदा बोलले: हुकूमशाही कुरूपच दिसते असं समजणं हीच आपली चूक असते. मुलांनी त्या वेळी त्यांचं ऐकून घेतलं, प्रश्नही विचारले.

पुन्हा करायचं तर

दोन खेळांत एकाच वेळी खूप काही बदललं: पत्रक आलं, भाषण गेलं, बोलण्याचा क्रम बदलला, प्रेक्षकही थोडे वेगळे होते. त्यामुळे फरक कशाने पडला हे छातीठोकपणे सांगता येत नाही. माझा कौल पत्रकाला, छापखानेवाल्यांचा अर्थातच पत्रकाला, विद्यार्थी सदस्यांचा क्रमाला. खात्री हवी असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

‘रोबोकॉप’नंतरही कागद द्यायला हवे होते. तिथे सगळे हसले म्हणून सगळ्यांना कळलं असं धरून चाललो. बाईंचा प्रश्न, कंपनीचं काय वाकडं झालं, हा तिथे सगळ्यांना विचारला असता तर कदाचित कळलं असतं की ओळखीच्या लक्ष्यावरचा उपहासही शेवटच्या टाळीपर्यंत टिकत नाही. टोलवाल्या कंपनीला हसणं सोपं असतं, कारण आपण पलीकडच्या बाजूला उभे असतो. दुसऱ्या सिनेमात आरोळी ठोकणारा प्रेक्षकच निशाण्यावर आहे.

प्राध्यापकांचं मत बदललेलं नाही. ज्या उपहासाला पत्रक लागतं तो फसलेला उपहास, असं ते म्हणतात. सुभेदारसाहेबांचं मत असं की सिनेमा ठीक आहे, पण भरतीच्या पोरांना परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दाखवू नये.

पुढच्या महिन्यासाठी ‘डिस्ट्रिक्ट ९’ (२००९) ठरला आहे: जोहान्सबर्ग, परग्रहवासीयांची झोपडपट्टी आणि ती उठवायला आलेली कंपनी. तिथली गाठ वेगळी आहे. वर्णद्वेषावरच्या या सिनेमात नायजेरियन माणसं ज्या रीतीने दाखवली, त्यावर खुद्द नायजेरियाच्या सरकारने आक्षेप घेतला आणि चित्रपटगृहांना तो थांबवायला सांगितलं. पत्रकात संवादांचा मराठी मजकूर द्यायचा यावर एकमत आहे. हा आक्षेप आधी छापायचा की चर्चेपर्यंत राखून ठेवायचा, यावर कार्यकारिणीत दोन-दोन मतं पडली आहेत आणि पाचवं मत छापखानेवाल्यांचं, ते अजून आलेलं नाही.